पाचव्या ओळीतली चौदावी जागा

आमच्या चर्चच्या दफनभूमीत सहा ओळी आहेत. कोणत्या ओळीत कितव्या जागी कोण निजलं आहे हे हवं असलं की लोक नकाशा मागत नाहीत, मामांना विचारतात. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मंडळीतली लहानथोर सगळी त्यांना समासमामा म्हणतात, आणि हे नाव त्यांनी कमावलेलं आहे.

आमचं चर्च अँग्लिकन परंपरेतलं. या परंपरेत प्रार्थना जितकी जुनी तितकाच कागदही जुना. बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही, दफनाची वही, कमिटीच्या सभांचं इतिवृत्त, कबरीवर दगड बसवायला दिलेल्या परवानग्यांची वही, बिशपसाहेब भेटीला आले की त्यांनी सही करायची वही. तीन अँग्लिकन बोटीतून पाण्यात पडले तर दोघं पोहतात आणि तिसरा कोण कोण हजर होतं ते लिहून घेतो, असं मामी म्हणतात. वेदीच्या बाजूला एक अरुंद खोली आहे. पाळकसाहेब तिथे झगा चढवतात आणि उरलेल्या जागेत या वह्या राहतात. तिला आम्ही वेस्ट्री म्हणतो. एक लोखंडी कपाट, एक उंच डेस्क, एक डुगडुगती खुर्ची आणि भिंतीवर काचेत बसवलेला दफनभूमीचा नकाशा. या खोलीत मामांनी एकेचाळीस वर्षं काढली, रोज सकाळी साडेसात ते साडेनऊ, बिनपगारी.

दहानंतर ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि कागदाच्या कडेला खुणा करायच्या, हा पोटापाण्याचा धंदा. खिशात दोन पेनं असत, लाल आणि निळं. लाल पेन चर्चच्या वहीला कधी लागलं नाही. "इथे कुणाला नापास करायचं नाही," असं ते म्हणत.

नोंदीची चूक दुरुस्त करायची त्यांची पद्धत ठरलेली होती. खोडायचं नाही, खरवडायचं नाही, वर कागद चिकटवायचा नाही. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारायची, तीही अशी की खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. बरोबर काय ते समासात लिहायचं, तारीख घालायची, चूक ज्याने केली त्याने सही करायची. आणि ज्याच्याबद्दल नोंद आहे तो माणूस हयात असेल तर त्याला समोर बसवून, वाचून दाखवून, त्याचीही सही घ्यायची. "चूक माणूस करतो, लपवतो तो उंदीर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा बिशपसाहेब भेटीला आले आणि वहीत सही करताना त्यांनी आदल्या महिन्याची तारीख घातली. पाळकसाहेबांनी डोळ्यांनी खुणावलं, राहू द्या. मामांनी वही उलट फिरवून बिशपसाहेबांसमोर ठेवली.

"साहेब, इथे एक रेघ. मग समासात आजची तारीख. आणि खाली पुन्हा सही."

बिशपसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "सबंध धर्मप्रांत माझं ऐकतो, ठाऊक आहे ना?"

"हो साहेब. पण वही ऐकत नाही."

बिशपसाहेबांनी हसत हसत सही केली. त्या दिवसापासून समासमामा हे नाव पक्कं झालं. मामींना मात्र त्याचं कौतुक नव्हतं. "आमच्या लग्नाच्या वेळी वहीत ह्यांनी माझं वय तीनदा तपासलं हो," त्या सांगत. "मला वाटलं, माणूस प्रेमात आहे. नंतर कळलं, प्रेमात होता, पण रकान्याच्या."

गेल्या वर्षी बिशपसाहेबांच्या कार्यालयातून पत्र आलं. पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालेल्या सगळ्या वह्या मध्यवर्ती अभिलेखागारात जमा करायच्या, सोबत यादी जोडायची. मामांची पंचाहत्तरी जवळ आलेली. यादीच्या निमित्ताने सगळंच काम सोडावं असं त्यांनी ठरवलं आणि मदतीला मला बोलावलं.

मी वाणिज्य शाखेचा. गोदामाच्या कंपनीत चौतीस वर्षं एकच काम केलं: पुस्तकात माल किती आणि जागेवर किती, हे ताडून बघायचं. निवृत्तीला तेव्हा वर्षभर उरलं होतं आणि रजा साचली होती. मी शनिवारी येऊ लागलो. तिसऱ्या शनिवारी मी म्हणालो, "मामा, दफनाच्या वहीची नुसती यादी कशाला? एकदा जागेवर मोजून घेऊ."

मामा हसले. "जावईबापू, इथला माल हलत नाही."

तरी आम्ही मोजलं. मी वही धरली, मामा ओळीतून चालत आकडे सांगत गेले. पहिली ओळ बरोबर, दुसरी बरोबर, तिसरीही. चौथ्या ओळीत वहीत बारा कबरी होत्या, जमिनीवर अकरा.

"परत मोजा," मी म्हणालो.

परत अकरा. वहीत बघितलं तर न सापडणारी कबर साध्यासुध्या माणसाची नव्हती. चौथ्या ओळीत सहाव्या जागी, ऐंशी वर्षांपूर्वी वारलेले एक पाळकसाहेब होते. पाळकाची कबर हरवते म्हणजे काय! मामांना ते फारच लागलं. त्यांनी कपाटातून त्या सालचं इतिवृत्त काढलं आणि उभ्यानेच पानं उलटू लागले. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ती मला वाचून दाखवली: "पाळकसाहेबांना चौथ्या ओळीत, प्रथेप्रमाणे डोके पूर्वेस करून, ठेवण्यात आले."

ही प्रथा मला ठाऊक नव्हती. मामांनी सांगितली, पण सांगताना त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. आमच्याकडे सर्वांना पाय पूर्वेला करून ठेवतात, म्हणजे शेवटच्या दिवशी उठले की तोंड उगवतीकडे. पाळकाला उलट ठेवतात, म्हणजे तो उठला की त्याचं तोंड त्याच्या माणसांकडे. डोक्याशी दगड असतो. म्हणून सगळ्यांचे दगड ओळीच्या पश्चिमेच्या कडेला, आणि पाळकाचा एकट्याचा पूर्वेच्या कडेला. चौथ्या ओळीची पूर्वेची कड म्हणजेच पाचव्या ओळीची डोक्याची बाजू. दोन्ही ओळींमध्ये जेमतेम हातभर अंतर.

आम्ही पाचव्या ओळीपाशी गेलो. ही ओळ साध्या माणसांची. बहुतेकांच्या डोक्याशी नुसता ओबडधोबड दगड, त्यावर नाव नाही. भिंतीकडून सहा दगड सोडल्यावर सातवा जरा पुढे सरकलेला होता. मामा त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले, वेल बाजूला केली आणि दगडावर बोट फिरवलं. चारही कोपऱ्यांत एकेक भोक होतं. संगमरवरी पाटी बसवायची भोकं. पाटी केव्हाच गळून गेली होती.

"सापडले पाळकसाहेब," मी खुशीत म्हणालो. चौथी ओळ जुळली होती.

मामा उठले नाहीत. "जावईबापू, हा दगड चौथ्या ओळीचा. मी तो पाचव्या ओळीचा सातवा म्हणून मोजत आलो. म्हणजे याच्यापुढचं सगळं एकेक जागेने चुकलं."

मी परत मोजलं. पाळकसाहेबांचा दगड धरला तर पाचव्या ओळीत चौदा, वहीप्रमाणे. तो सोडला तर तेरा. चौदावी कबर कुठे होती?

हे समजायला तेहेतीस वर्षं मागे जावं लागतं. आमच्या मंडळीत एक बाई आहेत. वेदीवरची कापडं, पाळकांचे झगे, लहान मुलांचे बाप्तिस्म्याचे अंगरखे, सगळं त्याच शिवतात, म्हणून शिवणबाई. त्यांचे यजमान पोस्टमन होते. नवराबायको दोघंही एकदमच विषमज्वराने आजारी पडली. यजमान गेले तेव्हा बाई दवाखान्यात शुद्धीवरही नव्हत्या. दफन त्यांनी पाहिलं नाही. बरं वाटल्यावर भाऊ येऊन त्यांना आणि लहान मुलीला आपल्या गावी घेऊन गेला. दोन वर्षांनी त्या परतल्या, शिवणाच्या कामातून कबरीसाठी चांगला दगड घडवून घेतला, आणि मामांना विचारलं, कुठे बसवू?

मामांनी वही बघितली. पाचवी ओळ, चौदावी जागा. ही नोंद अगदी बरोबर होती. मग ते ओळीत उतरले आणि भिंतीकडून दगड मोजले. चौदाव्या मोजणीला एक ओबडधोबड दगड लागला. दफनाच्या वेळी तिथे लाकडी क्रूस लावला होता हे त्यांच्या लक्षात होतं. क्रूस कुजल्यावर माळ्याने दगड ठेवला असेल, असं त्यांनी धरलं. तो दगड काढून बाईंचा दगड बसवला. पण तो होता खरा तेरावा. खऱ्या चौदाव्या जागी क्रूस पडून, माती बसून, सपाट गवत झालं होतं. ती जागा मोकळी समजून, पंधरावी म्हणून, मामांनी बाईंच्या विनंतीवरून त्यांच्यासाठी राखून ठेवली. तशी चिठ्ठी लिहून दिली. आणि त्याच्याही पलीकडे जी खरी पंधरावी, ती नकाशात न बसणारी 'जास्तीची जागा' म्हणून इतिवृत्तात लिहिली. तिथे पुढे माळ्याची अवजारांची खोपटी उभी राहिली.

थोडक्यात, शिवणबाई एकतीस वर्षं दर रविवारी दुसऱ्याच्याच कबरीपाशी बसत होत्या. आणि त्यांची वेळ आली असती तर त्यांच्यासाठी खड्डा खणला गेला असता तो त्यांच्या यजमानांच्या अंगावर. बाई आता एक्क्याऐंशीच्या आहेत. डॉक्टरांनी त्यांना जिने चढू नका म्हणून सांगितलंय आणि त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात.

"दहा वर्षं काम केल्यावर माणूस डोळ्यांनी मोजत नाही," मामा म्हणाले. "सवयीने मोजतो."

चर्चचा कारभार बघणारे वॉर्डन औषधांचं दुकान चालवतात. मामांनी त्यांना त्याच दुपारी सगळं सांगितलं. वॉर्डन भला माणूस. त्यांनी दोन मिनिटं विचार केला.

"मामा, यात घाबरण्यासारखं काय आहे? खोपटी पुढच्या महिन्यात हलवू. गंजलीच आहे. बाईंची वेळ येईल तेव्हा त्यांना बरोबर पंधराव्या जागी ठेवू, आणि त्याच दिवशी दगडही एक जागा सरकवू. सगळं जिथल्या तिथे. त्या बिचारीला या वयात कशाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी नाही, त्यांची आहे," मामा म्हणाले.

आठ दिवस गेले. मामा वेस्ट्रीत यायचे, डेस्कपाशी उभे राहायचे, यादीचं काम करायचे आणि दगडांच्या परवानग्यांच्या वहीला हात लावायचे नाहीत. मला वॉर्डनचं म्हणणं पटत होतं. गोदामात असे फरक आम्ही किती वेळा निस्तरले होते, माल योग्य जागी हलवायचा की झालं. मी तसं बोलूनही दाखवलं. मामांनी फक्त मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

कोंडी मामींनी फोडली. मी त्यांच्या घरी बसलो होतो. मामा न जेवता ताटावरून उठले तशा त्या म्हणाल्या, "बिशपला समासात लिहायला लावलंत तेव्हा कसा खणखणीत आवाज फुटला होता! आता काय झालं? आता घशात रकाना अडकला?"

"अगं, त्यांना काय वाटेल?"

"त्यांना काय वाटेल ते त्यांना वाटू द्या ना! तेही तुम्हीच ठरवणार का?" मग माझ्याकडे वळून, "आणि जावईबापू, मोजायचं खूळ तुमचं. तुम्हीही जा बरोबर."

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. शिवणबाईंची खोली लहान आणि चोख आहे. खिडकीशी शिवणयंत्र, दोऱ्याच्या रिळांचा खोका, बाईंच्या मांडीवर अर्धवट शिवलेलं वेदीचं पांढरं कापड. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"दोघं दोघं? कुणी गेलं की काय?"

"नाही बाई," मामा म्हणाले. ते बसले नाहीत. दफनाची वही त्यांनी पिशवीतून काढून छातीशी धरली होती. "माझी एक चूक सापडली आहे. तुमच्याबद्दलची. ती सांगायला आलोय."

आणि त्यांनी सांगितलं. आडवळण नाही, प्रस्तावना नाही. पाळकसाहेबांचं उलटं डोकं, सातवा दगड, तेरा आणि चौदा. बाईंच्या हातातली सुई कापडात अर्धी घुसून राहिली होती. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी सुई सावकाश बाहेर ओढली.

"म्हणजे ते तिथे नाहीत."

"एक जागा पलीकडे आहेत. तुमच्यासाठी राखलेल्या जागेवर."

"एकतीस वर्षं," बाई म्हणाल्या. मग आवाज चढला. "अहो, त्यांनी उभ्या आयुष्यात एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही! भर पावसात पत्ता विचारत फिरायचे, पण चुकीच्या दारात टाकलं नाही. आणि त्यांची बायको एकतीस वर्षं परक्याचं दार ठोठावतेय!"

मामा मान खाली घालून उभे होते. मला राहवलं नाही. मी समजूत घालायला गेलो. "पण बाई, तुम्ही तर नेहमी दगडाच्या उजव्या अंगाला स्टूल टाकून बसता. म्हणजे खरं बघितलं तर यजमानांजवळच बसत होता."

"त्यांच्या अंगावर बसून शेजाऱ्याशी गप्पा मारत होते, असं म्हणा की! छान! फार बरं वाटलं ऐकून!"

काही वाक्यं मनातच बरी असतात.

बाईंनी यंत्राचा खण ओढला आणि घडी घातलेली एक पिवळट चिठ्ठी काढली. मामांचं तरुणपणचं अक्षर: पाचवी ओळ, पंधरावी जागा, राखीव. "ही उशाशी घेऊन झोपत होते मी. तिथे गेल्यावर तरी चुकामूक होणार नाही म्हणून."

"चिठ्ठी बरोबर आहे, बाई. आकडा बरोबर आहे. मी जमीन चुकवली."

"मी काही पाहिलं नव्हतं, मामा. मला शुद्धसुद्धा नव्हती. तुम्ही बोट दाखवलंत तिथे मी बसले." बाईंनी चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. "तुमच्या त्या समासात मावतील का माझी एकतीस वर्षं?"

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. आम्ही जायला वळलो तेव्हा त्यांनी न बघताच विचारलं, "तो कोण?"

"कोण?"

"ज्याच्यापाशी मी बसत होते तो."

मामांनी वही उघडली आणि तेराव्या जागेची नोंद वाचली. नावापुढे आडनाव नव्हतं, नुसती रेघ होती. वय अंदाजे साठ. व्यवसाय, ऑर्गन दुरुस्ती. राहणार, मुक्कामी. हा माणूस चर्चचा ऑर्गन दुरुस्त करायला परगावाहून आला होता, कामाच्या चौथ्या दिवशी खानावळीत वारला. नातेवाइकांचा पत्ता लागला नाही. चर्चने दफन केलं.

"ऑर्गनवाला," बाई म्हणाल्या. "अग बाई. मी त्याला काय काय सांगितलं! जावयाची नोकरी गेली तेव्हा, मुलीचं ऑपरेशन झालं तेव्हा. एकदा तर भांडलेसुद्धा. म्हटलं, तुम्ही निघून गेलात आणि मला हे सगळं निस्तरायला ठेवलंत." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "बिचारा म्हणत असेल, बाई, मी तुमचं काय घोडं मारलंय?"

हसू की नको हे आम्हाला कळेना. बाईंनी ते सोपं केलं. "आज जा तुम्ही दोघं. मला शिवायचंय."

पुढच्या दोन रविवारी बाई उपासनेला आल्या, मामांकडे न बघता गेल्या. दफनभूमीत त्या गेल्याच नाहीत. एकतीस वर्षांत प्रथमच. मामांनी परवानग्यांची वही यादीत घातली नाही. दुरुस्ती झाल्याशिवाय वही द्यायची नाही आणि बाईंच्या सहीशिवाय दुरुस्ती होत नाही. बिशपसाहेबांच्या कार्यालयातून आठवण करणारं पत्र आलं. मामांनी उत्तर लिहिलं: एक नोंद अपूर्ण आहे, कारण माझी चूक. कार्यालयाला त्यातून काय समजलं देव जाणे.

तिसऱ्या शनिवारी सकाळी वेस्ट्रीचं दार वाजलं. शिवणबाई मुलीचा हात धरून आल्या होत्या. मुलगी बाहेर थांबली. बाई त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसल्या.

"काय लिहिणार ते वाचा."

मामांनी कागदावर आधीच करून ठेवलेला मसुदा वाचला. परवानग्यांच्या वहीत: चौदाव्या जागेवर दगड बसवला हे चुकीचे, प्रत्यक्षात तो तेराव्या जागेवर बसला; मोजणी माझी; चूक माझी. इतिवृत्तात: 'जास्तीची जागा' हे चुकीचे, ती पंधरावी जागा होय. खोपटी हलवून ती मोकळी करावी, दगड चौदाव्या जागी न्यावा.

"आणि ऑर्गनवाल्याचा दगड?" बाईंनी विचारलं. "त्याचा स्वतःचा होता ना, तुम्ही काढलात तो?"

मामा माझ्याकडे बघू लागले. तो दगड कुठे गेला हे त्यांनाही आठवत नव्हतं. मला एकदम आठवलं. अवजारांच्या खोपटीला पायरी आहे. पाचव्या ओळीतल्या दगडांसारखीच ओबडधोबड, एका बाजूने निमुळती. रोज माळी तिच्यावर पाय देऊन आत जातो.

"तो परत त्याच्या डोक्याशी ठेवायचा," बाई म्हणाल्या. "आणि त्याच्या नोंदीपुढेही लिहायचं."

"काय लिहायचं?"

"की या कबरीची निगा एकतीस वर्षं शिवणबाईंनी राखली. गवत काढलं, धुतली, फुलं ठेवली. बेवारस म्हणून पडून नव्हता तो."

मामा अडखळले. "बाई, दफनाच्या वहीत तसा रकाना नाही. नाव, वय, व्यवसाय, तारीख, जागा. एवढंच."

"रकाना कोण मागतंय? समास आहे ना?"

"समासात फक्त दुरुस्ती लिहितात. चूक आणि बरोबर."

"मग हेच तर बरोबर आहे!" बाईंनी डेस्कवर बोट आपटलं. "तुमच्या चुकीपायी मी केलं ते सगळं खोटं झालं का? वहीत तुमची चूक राहणार, तारखेसकट, सहीसकट. आणि माझे रविवार कुठे राहणार?"

मामांनी तिन्ही वह्या डेस्कवर उघडल्या. त्यांनी एकेचाळीस वर्षांत पाळलेला नियम मी ओळखत होतो. मग त्यांनी निळं पेन उघडलं. आधी परवानग्यांच्या वहीत आणि इतिवृत्तात आपल्या चुकीवर रेघ मारली, एकच, खालचं अक्षर वाचता येईल अशी. तारीख, सही. मग दफनाच्या वहीत तेराव्या नोंदीसमोरच्या समासात बाईंनी सांगितलेलं लिहिलं, बाईंच्याच शब्दांत, आणि वही फिरवून त्यांच्यासमोर ठेवली. बाईंनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि तिन्ही वह्यांत सही केली.

"अक्षर अजून चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. मामांना एवढंच मिळालं, आणि ते त्यांना पुरलं असं मला वाटतं.

बिशपसाहेबांची परवानगी यायला सात आठवडे लागले. आमच्याकडे खोपटी हलवायलाही परवानगी लागते. मग खोपटी भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेली. ज्या दिवशी दगड हलवायचे होते त्या दिवशी मामांनी मला भिंतीपासून मोठ्याने मोजायला लावलं. सातव्यापाशी मी थांबलो.

"हे कोण?" त्यांनी परीक्षा घेतली.

"पाळकसाहेब. सोडायचे."

"सोडायचे, पण नमस्कार करून," मामा म्हणाले.

मी तेरापर्यंत मोजलं, मग चौदा, मग मोकळी पंधरावी जागा. माळ्याने ऑर्गनवाल्याचा दगड घासून धुतला होता, तरी वरचा भाग पायांनी गुळगुळीत झालेला दिसत होता. तो त्याच्या डोक्याशी रोवला. पोस्टमनांचा दगड एक जागा पुढे गेला.

शिवणबाई स्टूल घेऊन आल्या. आधी त्या तेराव्या दगडापाशी थांबल्या, आणलेल्या फुलांतली निम्मी तिथे ठेवली. "तुम्हाला तर सगळं ठाऊकच आहे," त्या दगडाला म्हणाल्या. मग चौदाव्यापाशी गेल्या, स्टूल कुठे टाकावं याचा अंदाज घेतला आणि मामांना विचारलं, "इथे बसले तर चालेल ना? अंगावर नाही ना कुणाच्या?"

"ती तुमचीच जागा, बाई. पंधरावी."

बाई बसल्या. हातातली उरलेली फुलं मांडीवर ठेवली, आणि आम्ही अजून तिथेच उभे आहोत हे बघून हाताने जा म्हणून खूण केली. "ह्यांना काहीच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आता पहिल्यापासून सांगायला हवं."

आम्ही फाटकाकडे निघालो. मागून बाईंचा आवाज ऐकू आला, "तर ऐका. मी दवाखान्यातून घरी आले, त्या दिवसापासून सांगते."